स्मृतीची राखण : मेंदूचे आरोग्य आणि आपली दिनचर्या

वऱ्हाडात एखादा वयोवृद्ध माणूस तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारू लागला, जेवण होऊन तासही झाला नसताना शेजारी जाऊन 'मले कोनी जेवालेच देलं नाही' असे सांगू लागला, की घरची मंडळी 'म्हाताऱ्याले चळ लागला' एवढे म्हणून विषय संपवतात. केस पिकावेत, दात पडावेत, तशी उतारवयात बुद्धीही गळावी, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामागे सहनशीलता आहे, पुष्कळदा मायाही आहे. परंतु शास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही. नव्वदी ओलांडल्यावरही शेताच्या हद्दी, नातवंडांची नावे आणि गावातील चार पिढ्यांची नाती बिनचूक सांगणारी माणसे आपण पाहिली आहेत. पासष्टीतच घरची वाट चुकणारी माणसेही पाहिली आहेत. हा फरक का पडतो आणि त्यातील किती भाग आपल्या हाती असतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वैद्यकशास्त्रातील डिमेन्शिया या शब्दासाठी मराठीत 'स्मृतिभ्रंश' हा शब्द रूढ झाला आहे. तो किंचित अपुरा आहे, कारण या अवस्थेत स्मृतीबरोबरच भाषा, दिशांचे भान, हिशेब, निर्णयशक्ती आणि स्वभाव यांनाही हळूहळू तडा जातो. शिवाय हे एका आजाराचे नाव नव्हे. अनेक आजारांतून उद्भवणारी ती अवस्था आहे. त्यांतील सर्वांत परिचित आजार म्हणजे अल्झायमर. जर्मन वैद्य आलोईस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या एका स्त्री रुग्णाच्या मेंदूत आढळलेले बदल प्रथम वैद्यकीय सभेपुढे मांडले, म्हणून त्याला त्यांचे नाव पडले. या आजारात मेंदूच्या पेशींबाहेर व पेशींमध्ये विशिष्ट प्रथिने साचतात आणि पेशी मरू लागतात. दुसरा मोठा प्रकार रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून येतो. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या अरुंद झाल्या किंवा बंद पडल्या, की त्यांच्यावर अवलंबून असलेला भाग उपाशी राहतो. पुष्कळ रुग्णांत हे दोन्ही प्रकार एकत्र नांदत असतात.

साधे विसरणे आणि हा आजार यांतील भेद ओळखता आला पाहिजे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे, बाजारातून हळद आणायची राहून जाणे, ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी न आठवणे, हे वयानुसार चालायचेच. पन्नास वर्षे भाकरी थापलेल्या माउलीला पिठात पाणी किती घालावे हे उमगेनासे होणे, आठवडी बाजारातून परतताना स्वतःची गल्ली अनोळखी वाटणे, आयुष्यभर चोख व्यवहार केलेल्या माणसाला शंभराच्या नोटेचे सुटे मोजता न येणे, ही मात्र चाहूल वेगळी आहे.

भारतात ६० वर्षांवरील लोकांमध्ये या अवस्थेचे प्रमाण किती, याचा देशव्यापी अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे एवढे आहे. या एका आकड्यापेक्षा त्याच्या पोटातील तपशील आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आढळले. पुरुषांत ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही त्यांच्यात ते अधिक. ग्रामीण, स्त्री आणि शिक्षणापासून वंचित, हे तीन शब्द एकत्र वाचले की डोळ्यांपुढे कोण उभे राहते? मोताळा, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतील खेड्यांत राहणारी, स्वतः अंगठा उठवणारी आणि मुलाला मात्र वसतिगृहात ठेवून शिकवणारी आपली माय.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत मेंदूविषयीचा लेख का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर येथे आहे. शिक्षणाने नोकरी मिळते, प्रतिष्ठा मिळते, हे आपण अनुभवले. शिक्षण मेंदूचे उतारवयात रक्षण करते, ही गोष्ट मात्र अलीकडच्या काही दशकांत उलगडली. आपण वाचू लागतो, गणिते सोडवतो, पाठांतर करतो, वादविवादात उभे राहतो, तेव्हा मेंदूतील पेशींमध्ये नवे जोड तयार होतात आणि असलेले जोड पक्के होतात. एखाद्या गावाला बाहेर पडायला एकच वाट असली आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला, तर गाव अडकून पडते. चार पायवाटा असल्या, तर एक बुडाली तरी माणसे दुसरीने जातात. शिकलेल्या मेंदूचे असेच होते. आजाराने काही वाटा बंद केल्या तरी व्यवहार इतर वाटांनी दीर्घकाळ चालू राहतो. शास्त्रज्ञ याला मेंदूची राखीव क्षमता म्हणतात.

या विषयावरील एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींच्या संघात झाला. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून ६७८ वयोवृद्ध सिस्टरांच्या आरोग्याची नोंद ठेवली. या सर्वजणींचा आहार, निवास, दिनक्रम बराचसा सारखा. मद्यपान किंवा धूम्रपान जवळपास नाहीच. त्यामुळे फरकांची कारणे शोधणे सोपे होते. संघात दाखल होताना, सरासरी बाविसाव्या वर्षी, त्यांतील अनेकींनी हाताने लिहिलेली छोटी आत्मवृत्ते जपून ठेवलेली होती. ज्यांच्या तरुणपणीच्या लेखनात विचारांची दाटी होती, त्यांना सहा दशकांनंतर अल्झायमर होण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. काही सिस्टरांच्या मेंदूत मृत्यूनंतरच्या तपासणीत आजाराच्या खुणा भरपूर दिसल्या, तरी अखेरपर्यंत त्यांची बुद्धी तल्लख होती. शाळेतल्या निबंधाच्या वहीकडे या दृष्टीने आपण कधी पाहिले नव्हते.

परंतु शिक्षण हे कवच नव्हे, हेही सांगितले पाहिजे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेला वृद्ध गृहस्थ संस्कृतचा प्रकांड पंडित आहे, आणि तोच अल्झायमरने ग्रासलेला आहे. रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे तो चालत निघून जातो. ज्यांनी तो चित्रपट पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. अशा घराची मनःस्थिती दहा व्याख्यानांपेक्षा त्यातून अधिक कळते.

मग आणखी काय हाती उरते? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये जगभरातील संशोधन तपासून १४ कारणे निश्चित केली, जी बदलता येतात. ती सगळी दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे अर्ध्याहून थोडा अधिक भाग वय, आनुवंशिकता आणि इतर गोष्टींकडे राहतो. उरलेला मोठा भाग आपल्या घरात, ताटात आणि सवयींत आहे. अल्पशिक्षण हे त्या १४ पैकी एक. बाकीच्यांची नावे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, कारण त्यांतील निम्मी कारणे आपण हृदयविकाराच्या संदर्भात ऐकलेली असतात.

आश्चर्य वाटू नये. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. एवढी भूक भागवायची तर रक्ताचा पुरवठा अखंड हवा. वाढलेला रक्तदाब या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे जाड आणि ताठर करीत राहतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. हे नुकसान चाळिशी-पन्नाशीत सुरू होते आणि त्याचे पीक सत्तरीत हाती येते. अल्झायमरमधील प्रथिनेही लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचू लागतात. म्हणून हा लेख वृद्धांपेक्षाही आज पंचेचाळीस ते साठ वयाच्या माजी विद्यार्थ्यांना उद्देशून आहे. आईवडिलांची काळजी करता करता त्यांनी स्वतःच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा शेवटचा कधी बांधला होता, हे आठवून पाहावे.

चीनमधील ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार रक्तदाबग्रस्तांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे मोठी रुग्णालये नव्हती. काही गावांतील साध्या ग्रामवैद्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे औषधे, नियमित तपासणी आणि समुपदेशन सोपवले. इतर गावांत नेहमीचे उपचार चालू ठेवले. चार वर्षांनी ज्या गावांत रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवला गेला, तेथे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या दृष्टीने हा प्रयोग फार बोलका आहे, कारण तो आपल्यासारख्याच खेड्यांत झाला. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर यांची तपासणी होते, ३० वर्षांवरील लोकांची नोंद आशाताई घरोघर जाऊन घेतात, गोळ्याही मिळतात. अडचण गोळ्या मिळण्यात कमी आणि त्या चालू ठेवण्यात अधिक आहे. 'आता बरं वाटते' म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहेत. बरे वाटते ते गोळीमुळे, ही गोष्ट घरातील शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने समजावून सांगितली तर अधिक पटते. वरचा आकडा १३० च्या आसपास किंवा त्याखाली राहावा, असे तज्ज्ञ सांगतात. प्रत्येकासाठी नेमका किती, ते आपल्या डॉक्टरांनी ठरवावे.

मधुमेहाचीही हीच कथा. शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांच्या देहाला या आजाराने किती जेरीस आणले होते, हे आपण त्यांच्या चरित्रांतून वाचले आहे. त्या काळी उपचारांची साधने तोकडी होती. आज साखर मोजण्याचे यंत्र तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळते. रक्तातील वाढलेली घातक चरबी, म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल, हेही आता त्या १४ कारणांत आले आहे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा या तपासण्या करून घेणे, ही मेंदूचीच काळजी होय.

जेवणाच्या बाबतीत आपल्याला परदेशी फळे आणि महागडी तेले विकत घेण्याचे कारण नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, जवसाची चटणी, अंबाडी, घोळ, चिवळ, शेवग्याच्या शेंगा, मूठभर शेंगदाणे, ताक, असे आपल्या आजीचे ताट होते. धान्याचा कोंडा, पालेभाज्या, डाळी आणि बियांतील चांगली स्निग्धता यांचा मेळ त्यात होता. शेतातील ज्वारी हटून सोयाबीन आले, तशी ज्वारी ताटातूनही हटत गेली, आणि तिची जागा पांढऱ्या भाताने, मैद्याच्या बिस्किटांनी व फरसाणाने घेतली. हा बदल उलटा फिरवणे अवघड असले तरी घरापुरता शक्य आहे. मिठाचे भान त्याहून अधिक हवे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ सुचवते. लोणचे, पापड, ठेचा आणि वरून घेतलेले मीठ मिळून ते सहज ओलांडले जाते. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत, पाणीच खारे असल्याने मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे. रक्तदाब मूत्रपिंड बिघडवतो, बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब वाढवते, आणि दोहोंचा भार मेंदूवर पडतो. त्या भागातील कुटुंबांनी रक्तदाबाकडे दुप्पट लक्ष द्यावे.

तंबाखूविषयी फार लिहीत नाही. सर्वांना सर्व ठाऊक आहे. बिडी-सिगारेटचा धूर या रक्तवाहिन्यांना थेट इजा करतो. खर्रा, गुटखा आणि सकाळची मशेरी यांनी तोंडाचा कर्करोग होतो आणि व्यसन जडते ते वेगळेच. मद्याच्या बाबतीत पंचशीलातील पाचवे शील आपल्या घरांत रोज उच्चारले जाते. मद्याने माणसाची सावधता जाते, असे त्या शीलाचे म्हणणे. अतिमद्यपानाने मेंदू आक्रसतो, हे आजच्या तपासण्यांतून चित्रांसह दिसते. उच्चार आणि आचार यांतील अंतर प्रत्येकाने स्वतःच्या घरी मोजावे.

आता एका अशा कारणाकडे वळतो, ज्याची आपल्याकडे जवळपास चर्चाच होत नाही. कान. लॅन्सेटच्या यादीत मध्यमवयातील बहिरेपणाचा वाटा सर्वाधिक वाट्यांपैकी एक, म्हणजे सुमारे सात टक्के आहे. ऐकू कमी येऊ लागले की माणूस बोलणे टाळतो, चारचौघांत बसणे सोडतो. मेंदूला रोज मिळणारे खाद्य कमी होते आणि जेवढे कानावर पडते त्याचा अर्थ लावण्यातच त्याची शक्ती खर्च होते. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांवर झालेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट सर्वांत श्रवणयंत्राचा लाभ दिसला नाही. परंतु ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आपल्याकडे डोळ्यांना चष्मा लावण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कानाला यंत्र लावण्यात मात्र वाटतो. आबा ऐकत नाहीत म्हणून त्यांच्याशी बोलणेच कमी करणे, हा त्यांच्यावरील अन्याय आहे. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशी साधने दिली जातात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. मोतीबिंदूही पिकू देत बसू नये, कारण उपचार न केलेले अंधत्व हेही याच यादीत आहे.

कान बिघडतात कशाने? वय तर आहेच. खामगाव-मलकापूरकडील जिनिंगमधील यंत्रे, शेतातील मळणी यंत्र, यांच्याजवळ वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनी कानात बोळे घातले पाहिजेत. आणि एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, ती काहींना रुचणार नाही. लग्नाच्या वरातीत आणि आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणारी मुले स्वतःच्या कानांतील नाजूक केसपेशी कायमच्या गमावत असतात. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. ज्या महामानवाने आयुष्यभर वाचले त्याच्या जयंतीला आपल्या मुलांची श्रवणशक्ती खर्ची पडावी, याची संगती मला लागत नाही. लेझीम आहे, ढोल-ताशाही मर्यादेत चालेल.

चालण्याविषयी. आपले वडील दिवसभर शेतात राबत. त्यांना व्यायाम सांगण्याची गरज नव्हती. आपण खुर्चीवर बसू लागलो आणि गावातल्या गावातही दुचाकी काढू लागलो. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने चालणे पुरेसे आहे. स्नायूंची हालचाल रक्तदाब, साखर, वजन, झोप आणि मनःस्थिती या पाचही गोष्टींवर एकाच वेळी काम करते. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० लोकांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीचे सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असे सर्व एकत्र दिले गेले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा त्यांची बौद्धिक कामगिरी केवळ सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरली. एकच जादूची गोष्ट करण्यापेक्षा चार साध्या गोष्टी एकत्र करणे अधिक उपयोगी, हा त्यातील बोध. दूरचित्रवाणीवर खपवल्या जाणाऱ्या स्मरणशक्तिवर्धक बाटल्यांना असा कोणताही आधार नाही.

डोक्याला लागलेला मारही पुढे भोवतो. मलकापूरहून बुलढाण्याला राजूर घाट चढताना हेल्मेट हँडलला अडकवून जाणाऱ्या तरुणांना हे कोणीतरी सांगावे. घरातील वृद्ध पडू नयेत म्हणून मोरीतील शेवाळ काढणे आणि रात्री एक दिवा चालू ठेवणे, एवढेही पुष्कळ आहे. हवेतील सूक्ष्म धूलिकण आणि धूर हेही कारणांत आहेत; गॅस घरात असूनही पैसे वाचवण्यासाठी चुलीवर फुंकर घालणाऱ्या मायबहिणींच्या खोकल्याकडे त्या दृष्टीने पाहावे.

झोप आणि मन यांचा परस्पर संबंध जवळचा आहे. गाढ झोपेत मेंदू दिवसभराचा कचरा बाहेर टाकतो, असे संशोधन सांगते. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहणारा माणूस त्या साफसफाईचा वेळच कमी करतो. दीर्घकाळचे नैराश्य हे यादीतील स्वतंत्र कारण आहे. नापिकी, कर्ज, मुलाची बेरोजगारी यांनी खचलेल्या माणसाला 'मन घट्ट कर' एवढे सांगून भागत नाही. त्यावर उपचार आहेत आणि टेलिमानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतून बोलता येते. श्वासावर चित्त स्थिर करण्याची साधना आपल्याला परंपरेने मिळालेली आहे. ध्यानाने स्मृतिभ्रंश टळतो असे सिद्ध झालेले नाही, तसा दावा कोणी करू नये. मन शांत होण्यास आणि झोप लागण्यास अनेकांना त्याचा लाभ होतो, एवढे निश्चित.

एकटेपणा हे या सर्वांत मला सर्वांत जवळचे वाटणारे कारण आहे, कारण त्याची झळ थेट आपल्या यशाशी जोडलेली आहे. आपण शिकलो, पुण्या-मुंबईला, नाशिकला, काही जण परदेशी गेलो. गावात मागे राहिले दोन म्हातारे जीव. त्यांतील एक गेला की दुसऱ्याच्या घरात दिवसभर आवाज नाही. दर महिन्याला पैसे पाठवले जातात, फोन रविवारी येतो. मेंदूला माणसे लागतात. त्याला प्रश्न विचारणारे, चिडवणारे, सल्ला मागणारे कोणी लागते. या बाबतीत आपल्या विहारांतील वर्षावासाची प्रथा अतिशय मोलाची आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने सायंकाळी महिला व ज्येष्ठ एकत्र बसून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतात. चालत जाणे, ऐकणे, समजून घेणे, शंका विचारणे, परतताना गप्पा, हे सारे एका तासात घडते. ते तीन महिन्यांपुरते का असावे? आणि ऐकणाऱ्या बायकांपैकी एकीने रोज दोन ओळी स्वतः वाचाव्यात, असे का होऊ नये?

हे अशक्य नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या खेड्यात ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या घरातील आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने हे घडले. गावातील पारायणाच्या वेळी आपल्याला वाचता येत नाही, ही आज्यांची खंत त्यामागे होती. ती शाळा काही आजार टाळण्यासाठी काढलेली नव्हती. परंतु साठीनंतरही हात अक्षर वळवू शकतो आणि मेंदू नवे जोड बांधू शकतो, हे त्या पाटीवरून दिसले.

आपल्या जिल्ह्याजवळ आणखी एक ठेवा आहे, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांतही हा फरक कायम होता. आपल्या जिल्ह्यात वऱ्हाडी आहे, हिंदी आणि उर्दू आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आहे, आणि जळगाव जामोदच्या परिसरात निहाली ही जगातील कोणत्याही भाषाकुळात न बसणारी बोली आहे. तेथील माणसे सहज तीन-तीन भाषांत व्यवहार करतात. घरची बोली मुलांसमोर बोलायला लाजू नये, एवढे तरी यातून घ्यावे.

ज्या घरात विस्मरण सुरू झाले आहे, त्यांनी प्रथम डॉक्टरांकडे जावे. कारण सर्वच विस्मरण अपरिवर्तनीय नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, पडल्यामुळे डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, यांतूनही तशीच लक्षणे दिसतात आणि उपचारांनी ती सुधारू शकतात. तारीख सांगता आली नाही म्हणजे आजार, असेही समजू नये. हरियाणातील बल्लभगढ येथे ग्रामीण वृद्धांची पाहणी करताना संशोधकांना मूळ इंग्रजी चाचणी बदलून निरक्षर माणसाच्या जगण्याशी जुळणारे प्रश्न तयार करावे लागले होते. माईला तारीख विचारू नका, कोणत्या पिकाचा हंगाम चालू आहे ते विचारा.

हा आजार करणी, भानामती किंवा बाहेरची बाधा नव्हे. त्यासाठी बुवाच्या दारी जाणे आपल्याला शोभत नाही. 'सांग बरं, मी कोण?' अशी परीक्षा दहा पाहुण्यांसमोर घेऊ नये. आपणच 'आई, मी तुझा मधला' असे म्हणून जवळ बसावे. चुकले तर वाद घालू नये. दिनक्रम, जागा आणि भांडी शक्यतो बदलू नयेत. खिशात नाव, गाव आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आणखी एक कडू गोष्ट : अशा वृद्धांचा अंगठा घेऊन सातबारा फिरवला जातो. घरातील सर्व भावंडांनी वेळीच एकत्र बसून शेती, पेन्शन आणि बँकेचे व्यवहार पारदर्शक करावेत. काळजी घेण्याचे ओझे बहुतेक वेळा एकाच सुनेवर किंवा मुलीवर पडते. बाकीच्यांनी आठवड्याचे दोन दिवस तरी वाटून घ्यावेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तेथे मार्गदर्शन मिळते.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याबाबत एक सूचना करतो. पुढील मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या आईवडिलांना, नसतील तर गल्लीतील एखाद्या एकट्या वृद्धाला सोबत आणावे. आपल्यापैकी जे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते झाले आहेत त्यांनी शाळेच्या एका वर्गात रक्तदाब, साखर, डोळे आणि कान तपासण्याची व्यवस्था करावी. दुसऱ्या वर्गात सातवी-आठवीच्या मुलांनी या आजी-आजोबांशेजारी बसून त्यांच्या गावाची, लहानपणीच्या खेळांची, दुष्काळांची आणि त्यांनी पाहिलेल्या १९५६ नंतरच्या दिवसांची हकिकत विचारावी आणि वहीत उतरवून घ्यावी. आजी सांगेल तेव्हा तिची स्मृती कामाला लागेल, आणि लिहिणाऱ्या मुलाच्या मेंदूत त्याच वेळी एक नवी वाट पडत असेल. वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात.